बसण्याआधी आसन पाहावे



गेल्या महिन्यात वंदनेनंतर चहाच्या वेळी एका उपासकांनी प्रश्न विचारला आणि तो अर्धाच राहिला, कारण हॉल सहा वाजता रिकामा करून द्यायचा होता. प्रश्न असा: माझ्या जुन्या मोटारसायकलला साइडकार आहे. दोन वर्षे मी तिच्या जोडण्या तपासल्या नाहीत. त्या काळात आईला तिच्यात बसवून कितीतरी वेळा नेले-आणले. काही झाले नाही. कुणाला इजा करावी असे माझ्या स्वप्नातही नव्हते. मग माझे पहिले शील भंगले की नाही?

एकजण म्हणाले, चेतनाच नव्हती, तर शील भंगणार कसे? दुसरे हसून म्हणाले, हा धम्माचा प्रश्न नाही, गॅरेजचा आहे. पहिल्या उत्तराला आधार आहे, ते पुढे पाहू. दुसऱ्या उत्तराने मात्र मी अस्वस्थ झालो. धम्म विहारात आणि नट-बोल्ट गॅरेजमध्ये अशी वाटणी आपण कधीपासून करू लागलो?

आधी या वाहनाविषयी थोडे बोलले पाहिजे. साइडकार म्हटले की आपल्या पिढीला 'शोले' आठवतो. त्या 1975 च्या चित्रपटात साइडकार मोटारसायकलपासून सुटते, वेगळ्या वाटेने धावते आणि पुन्हा येऊन जुळते. आपण सगळे त्यावर पोट धरून हसलो आहोत. काहींना गावाकडची स्कूटरही आठवेल, साइडकारमध्ये आई आणि तिच्या मांडीवर लहान भाऊ. इथे ब्रिटनमध्ये साइडकार ही बहुतेक हौशी माणसांची वस्तू आहे. पण आपल्यातल्या ज्या दोन-तीन घरांत ती आहे तिथे कारण हौसेपलीकडचे आहे. गुडघे गेलेल्या आईला मागच्या सीटवर पाय टाकून बसता येत नाही, साइडकारमध्ये बसता येते.

मोटारसायकल वळताना कलते. साइडकार जोडली की ती कलू शकत नाही, आणि तिचा स्वभावच बदलतो. इथे आणि भारतातही वाहने डावीकडून चालतात, म्हणून साइडकार डावीकडे असते. 1 ऑगस्ट 1981 पासून नोंदवलेल्या मोटारसायकलला इथे उजवीकडे साइडकार लावताच येत नाही. आता पाहा, ॲक्सिलरेटर पिळला की साइडकारचे वजन मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक दाबला की तेच वजन पुढे जाऊ पाहते, आणि साइडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक नसेल किंवा तो लागत नसेल तर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने, खेचली जाते. डाव्या वळणावर वेग जास्त झाला की साइडकारचे चाक जमिनीवरून उचलले जाते. रिकामी असेल तर आणखी लवकर. नवशिके तिच्यात वाळूचे पोते ठेवून शिकतात ते याचसाठी.

हा सगळा तोल साधारण चार जोडण्यांवर उभा असतो. साइडकारचे चाक मोटारसायकलच्या चाकांशी अगदी समांतर नसते. पुढच्या बाजूला ते थोडेसे, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, आत वळवलेले असते. मोटारसायकल स्वतः किंचित बाहेरच्या बाजूला झुकवून बसवलेली असते. या मापांनीच गाडी सरळ चालते. एखादा क्लॅम्प सैल झाला किंवा चौकटीच्या वेल्डिंगला तडा गेला की माप बिघडते. बिघडते तेही एका दिवसात नाही. आज हँडल जरासे एका बाजूला ओढते. आठवड्याने थोडे अधिक. चालवणाऱ्याचे हात ते न सांगता सावरून घेतात, आणि महिन्याभरात त्याला वाटते की गाडी अशीच चालते. दुसऱ्या कुणी चालवली तर तो पहिल्या शंभर फुटांत विचारील, हे काय आहे?

माझ्या मते प्रमादाचे याहून अचूक चित्र सापडणे अवघड आहे. मराठीत 'प्रमाद' म्हणजे आपण चूक समजतो. पाली 'पमाद' चुकीच्या आधीचा आहे. मनाची ती गाफील, गुंगलेली अवस्था, जिच्यात चूक चूक म्हणून दिसतच नाही. दर रविवारी आपण पाचवे शील घेतो तेव्हा मद्याच्या जोडीने हाच शब्द उच्चारतो: मद्य हे पमादाचे ठिकाण आहे, म्हणून ते सोडायचे. आपण बाटलीपाशी थांबतो आणि मान ताठ ठेवून म्हणतो, मी तर थेंबही घेत नाही. पण शीलाचा रोख ज्या गोष्टीवर आहे ती बाटलीशिवायही येते. धम्मपदातला दुसरा वर्गच अप्पमादाचा आहे, आणि महापरिनिब्बाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना दिलेल्या शेवटच्या उपदेशातही अप्पमादच होता.

आता चेतनेकडे येऊ. तथागतांनी कम्म म्हणजे चेतना असे सांगितले हे खरे. यज्ञ आणि कर्मकांड यांतून नीती सोडवून ती माणसाच्या मनात आणली, ही फार मोठी गोष्ट होती. म्हणून पहिल्या बंधूंचे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. परंतु विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू भिक्षेसाठी एका घरी गेला आणि तिथल्या आसनावर बसला. आसनावर कापडाखाली एक लहान मूल झोपलेले होते. ते मेले. भिक्खूला मोठा पश्चात्ताप झाला. आपल्या हातून पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे बाहेर काढणारा अपराध, घडला असे त्याला वाटले. प्रकरण तथागतांपुढे आले. त्यांनी सांगितले की हे पाराजिक नाही. पण पुढे हेही सांगितले की आसन न पाहता त्यावर बसू नये, आणि जो बसेल त्याला दुक्कट, म्हणजे हलक्या श्रेणीचा का होईना पण दोष, लागेल.

या निवाड्यातला बारकावा पाहा. मारण्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याला खुनी ठरवले नाही. मूल गेले या परिणामाचा सगळा भार त्याच्या माथी मारला नाही. तरीही 'तुझा काही संबंध नाही' असे म्हणून सोडूनही दिले नाही. पाहणे हे त्याचे काम ठरवले. आणि दोष मूल मेल्याचा ठेवला नाही, न पाहता बसण्याचा ठेवला. म्हणजे आसनाखाली मूल नसते तरी न पाहता बसणाऱ्याला तो दोष लागतोच.

आपल्या उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथे आहे. 'काही झाले नाही' हा बचाव टिकत नाही. कल्पना करा, एका रस्त्यावरच्या दोन घरांत दोन साइडकारी आहेत, दोघांनीही दोन वर्षे पाना लावलेला नाही. एकाच्या बोल्टने खड्ड्यात मान टाकली, दुसऱ्याचा टिकला. जग पहिल्याला कोर्टात नेईल आणि दुसऱ्याशी रविवारी हात मिळवील. दोघांच्या वागण्यात फरक काय? रस्त्यावरचा एक खड्डा. शीलाचा हिशोब खड्ड्यावर ठेवता येत नाही.

आणि उलटही तितकेच खरे आहे. ज्याने नीट पाहिले, वेळच्या वेळी बदलले, त्याच्या गाडीचा एखादा भाग आतून, डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषाने तुटला, तर त्याने आयुष्यभर स्वतःला खुनी समजत जगावे असे धम्म सांगत नाही. पाहण्यापुरती जबाबदारी आपली. सगळे जग आपल्या मुठीत नाही. अप्पमाद म्हणजे रात्रंदिवस धास्ती घेणे असे काहींना वाटते. मला उलटे वाटते. धास्ती त्यालाच असते ज्याने पाहिलेले नाही.

शिवाय, निष्काळजीपणात चेतना नसते हे म्हणणेही मला पूर्ण पटत नाही. दोन वर्षांचे दुर्लक्ष हे एकसंध झोपेसारखे नसते. मधे कितीतरी वेळा जाग येते. धुताना क्लॅम्पवर गंज दिसतो. ब्रेक दाबल्यावर हँडल ओढते. खड्ड्यातून जाताना डावीकडून खट् आवाज येतो. त्या प्रत्येक वेळी मनात एक छोटासा निर्णय होतो, 'पुढच्या रविवारी बघू'. इजा करण्याची चेतना नाही, कबूल. पण न पाहण्याची चेतना आहे, आणि ती शंभरदा झालेली आहे.

काहीजण अपघातानंतर म्हणतात, वेळ आली होती. आपल्या घरांत हे वाक्य अजून ऐकू येते, अगदी विहारात येणाऱ्यांच्या घरांतही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला ते आठवा: गरिबाचे हाल त्याच्या पूर्वकर्माने होतात म्हटले की राज्य आणि समाज दोघेही हात झटकून मोकळे होतात. 'वेळ आली होती' म्हणणारा चालकही तसेच हात झटकतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडून क्लॅम्पच्या फटीत बसते, लोखंड खाते, बोल्ट आतून बारीक होतो आणि एक दिवस तुटतो. हाही प्रतीत्यसमुत्पादच आहे. या साखळीत नशिबाला जागा नाही. चिंधी, ब्रश आणि ग्रीस यांना आहे.

कायद्याचे काय? कायदा पाळला म्हणजे झाले असे आपल्याला, विशेषतः परक्या देशात राहणाऱ्यांना, वाटते. व्हिसा, टॅक्स, इन्शुरन्स, सगळे कागद नीट ठेवणारी माणसे आपण. पण या बाबतीत कायदा दोन ठिकाणी आपल्याला एकटे सोडतो. इथे मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी लागते, आणि साइडकार असेल तर तिचीही पाहणी त्यात होते. मात्र 20 मे 2018 पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि गेल्या तीस वर्षांत मोठे बदल न केलेल्या वाहनांना ही तपासणी सक्तीची नाही. साइडकारी पुष्कळदा अशाच जुन्या गाड्यांना जोडलेल्या असतात. म्हणजे ज्या गाडीला सर्वांत जास्त पाहावे लागते तिला वर्षातून एकदा पाहणारा त्रयस्थ डोळाही नाही. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्यानेही माफ केलेली नाही. धोकादायक स्थितीतली गाडी रस्त्यावर आणली तर 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट लागू शकतात. दुसरी गोष्ट हेल्मेटची. चालवणाऱ्याला ते सक्तीचे, मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे. साइडकारमध्ये बसणाऱ्याला नाही.

म्हणजे आईच्या डोक्याचा प्रश्न कायद्याने तुमच्यावर सोडला आहे. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये 1936 साली नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला तो इथे नेमका उपयोगी पडतो. नियम काय करायचे ते सांगतो आणि विचार करण्याची गरज संपवतो. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावते आणि त्या विचाराची जबाबदारी तुमच्यावर टाकते. धर्म नियमांपुरता उरला की जबाबदारी मरते, असे त्यांचे म्हणणे होते. अहिंसा ही तथागतांनी नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून सांगितली, हेही त्यांनी पुढे आवर्जून लिहिले. एमओटी हा नियम आहे. हेल्मेटचा कायदा हा नियम आहे. जिथे नियम संपतो तिथे जो थांबतो, त्याने धम्म नव्हे, पावत्या सांभाळल्या आहेत.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती साइडकारमधली जागा. तिथे बसणाऱ्याच्या हाती हँडल नाही, ब्रेक नाही. मागे बसलेला निदान खांद्यावर थाप मारून 'हळू' म्हणू शकतो. साइडकारमधले माणूस खाली, शेजारच्या मोटारींच्या चाकांच्या उंचीवर बसलेले असते. वाऱ्यात त्याचा आवाजही पोचत नाही. चालवणाऱ्याला गाडीचा बिघाड निदान हातांतून कळू शकतो. तिला काहीच कळत नाही. ती फक्त विश्वास ठेवून बसलेली असते. अंगुत्तर निकायात पंचशीलाला महादान म्हटले आहे, कारण शील पाळणारा अगणित जीवांना अभय देतो. आईला अभय द्यायचे तर ते तिच्या शेजारच्या चार बोल्टांतून द्यावे लागते.

आई विचारणार नाही, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडची आई मुलाला 'ब्रेक तपासलास का रे?' असे विचारत नाही. 'तू चालवतोस ना, मग झालं', म्हणते. हे प्रेमाचे वाक्य आहे. ते गाडीचे प्रमाणपत्र नव्हे. तिने विचारले नाही म्हणून तिने धोका पत्करला असे होत नाही, कारण धोका काय आहे हे तिला कुणी सांगितलेलेच नाही. जे तपासले नाही ते तिला सांगा: 'आई, या टायरची मुदत झालीय, अजून बदलला नाही.' हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर गाडी का काढायची नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल.

वेळ आणि पैसा हे खरे प्रश्न आहेत. केअर होममध्ये रात्रपाळ्या करणाऱ्याला रविवार हा झोपेचा दिवस असतो, आणि जुन्या गाडीचे भाग स्वस्त मिळत नाहीत. मी याला सोपे उत्तर देणार नाही. पण ज्याला साइडकारची देखभाल परवडत नाही त्याला साइडकार परवडत नाही, एवढे म्हणेन. आई बसने विहारात आली तर तिची काही अप्रतिष्ठा होत नाही.

आणखी एक, जरा बाजूची गोष्ट. आपल्या तरुण मुलांपैकी काहींना ग्रीसने हात काळे करणे कमीपणाचे वाटते. शिकून इंजिनीअर झालो ते काय पाना फिरवायला, असे. ही समजूत आपली नव्हे. हाताने काम करणाऱ्याला खालचा आणि न करणाऱ्याला वरचा ठरवणाऱ्या व्यवस्थेची ती समजूत आहे, आणि बाबासाहेबांनी त्या व्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले. गॅरेजवाल्याकडे काम द्या, जरूर द्या, चौकटीचे वेल्डिंग तर जाणकाराकडेच द्या. पण ते काम हलके आहे म्हणून देऊ नका. आणि त्याने केलेले नंतर स्वतः पाहा.

आता कामाचे. 14 एप्रिल जवळ आला आहे. बहुतेकांच्या गाड्या नोव्हेंबरपासून ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्या पहिल्यांदा बाहेर निघतात त्या जयंतीलाच, तेही सगळ्या घराला घेऊन. चार-पाच महिने उभ्या राहिलेल्या गाडीला तपासणीची जास्त गरज असते. ब्रेक जाम झालेले असतात, केबलच्या तारा आतून तुटलेल्या असतात, टायरमधली हवा गेलेली असते. टायरच्या नक्षीची खोली इथे किमान 1 मिलिमीटर लागते, पण साइडकारच्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट झिजतो आणि फार लवकर झिजतो, म्हणून कडेची नक्षी पाहून समाधान मानू नका. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते वाचा. स्पोक एकेक करून बोटांनी दाबून पाहा. न कलणाऱ्या गाडीत त्यांच्यावर आडवा ताण येतो, जो एरवीच्या मोटारसायकलवर येत नाही. डिस्क ब्रेक असेल तर त्याचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग खडखडते का ते पुढचे चाक उचलून हलवून पाहा. चारही जोडण्या टॉर्च घेऊन, खाली वाकून, गंज पुसून पाहा. प्रत्येक नटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, दोन मिनिटांचे काम आहे. चाकांचे माप दोन सरळ फळ्या जमिनीवर ठेवून घरी घेता येते. आणि आईसाठी तिच्या मापाचे हेल्मेट, कायदा मागत नसला तरी.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी वंदना संपल्यावर हॉलमागच्या पार्किंगमध्ये आपण तीनही गाड्या शेजारी शेजारी लावणार आहोत. एकाची गाडी दुसऱ्याने थोडी चालवून पाहायची, कारण आपल्या हातांना झालेली सवय दुसऱ्याच्या हातांना नसते. टॉर्क पाना माझ्याकडे आहे, तो मी आणतो. ज्यांच्याकडे जॅक आहे त्यांनी आणावा. ज्या मातांना साइडकारमधून यायचे आहे त्यांनीही यावे, आणि त्या दिवशी मनात येईल ते सगळे विचारावे.